वाळूचे खाते

पुदुच्चेरीला मी प्रथम गेलो तो शासकीय कामासाठी. नंतर दोनतीनदा रजा काढून गेलो. सायंकाळी सहानंतर तेथील समुद्रालगतच्या रस्त्यावर वाहनांना मज्जाव असतो. गांधीजींच्या पुतळ्यापाशी मुले खेळतात, वृद्ध दांपत्ये बांधावर बसून वारा घेतात. एका साध्या आदेशाने नागरिकांना किती सुख देता येते, याचा तो वस्तुपाठच आहे.

परंतु ज्या बांधावर ही माणसे बसतात, त्याच्या खाली एकेकाळी रुंद पुळण होती. ती गेली ती निसर्गाच्या कोपाने नव्हे. या किनाऱ्यावर लाटांबरोबर वाळू वर्षभरात एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. १९८९ च्या सुमारास शहराच्या दक्षिणेस, अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी बंदरासाठी लाटारोधक बांध उभे राहिले आणि वाळूची वाट अडली. अडलेली वाळू उपसून पलीकडे टाकण्याची व्यवस्था आराखड्यात होती. ती नियमितपणे चालली नाही. मग शहर वाचविण्यासाठी दगड रचले गेले आणि धूप उत्तरेकडील कोळीवाड्यांकडे, पुढे तमिळनाडूच्या गावांकडे सरकली. कुरुचिकुप्पमच्या एका वयस्क मच्छीमाराने मला दुभाष्यामार्फत विचारले, ‘‘होडी ओढून ठेवायची कुठे?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही ‘बाह्य परिणाम’ शिकलो होतो : लाभ एकाचा, किंमत मोजणारा तिसराच. पुढे नोकरीत अनेक प्रकल्पांचे लाभ-खर्चाचे तक्ते मी तपासले. त्यांत सिमेंट होते, पोलाद होते, व्याजदर होता. वाळूसाठी रकाना नव्हता आणि तो का नाही, असे मीही कधी विचारले नाही. शिवाय आपल्याकडे भांडवली खर्च एकदा मंजूर होतो, त्याचे उद्घाटनही होते. वाळू उपसण्याचा आवर्ती खर्च मात्र दरवर्षी मागावा लागतो, आणि काटकसरीची कात्री प्रथम त्याच्यावरच चालते.

२०१८ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी किनाऱ्याजवळ पाण्याखाली कृत्रिम अडसर बसविला. त्याच्या जोडीला बंदरातील गाळलेली वाळूही किनाऱ्यावर टाकण्यात आली. शहरासमोर काही भागात पुळण पुन्हा दिसू लागली. हे यश मोलाचे आहे. पण ते शहरापुरते आहे. होडीवाल्याचा प्रश्न शिल्लकच आहे.

माझे मत स्पष्ट आहे. किनाऱ्यावरील कोणत्याही बांधकामाला मंजुरी देताना वाळू पलीकडे नेण्याचा खर्च प्रकल्पाच्या संपूर्ण आयुष्यासाठी वेगळा काढून ठेवावा, आणि त्या निधीला अन्य कोणी हात लावू नये. समुद्राला राज्यांच्या सीमा कळत नाहीत. म्हणून हिशेबही शहराच्या हद्दीत न थांबता पुढच्या गावापर्यंत जावा. लहान शहराचे वैभव त्याच्या किनाऱ्यात असते. जमाखर्चात त्याची नोंदच नसेल, तर ते केव्हा खर्ची पडले हेही आपल्याला कळणार नाही.