मापाचे बूट

गेल्या दिवाळीत लेस्टरला मावशीकडे गेलो होतो. माझ्या पुणेरी बुटांनी इंग्लंडचा पाऊस पाहिला मात्र, आणि त्यांच्या तळाने वरच्या चामड्याशी असलेले सर्व संबंध तोडून टाकले. मावशी म्हणाली, "चल, टाउनात जाऊ. तुझ्या पायाचं नीट माप घेऊन बूट घेऊ."

'टाउन' हा शब्द मावशी अशा काही सुरात उच्चारते, की ऐकणाऱ्याला लग्नाच्या बस्त्याला निघाल्यासारखे वाटावे. १९७४ साली ती लग्न होऊन त्या गावी गेली. पुढे बावीस वर्षे तिथल्याच एका मोठ्या दुकानात ती सुया-दोरे, बटणे आणि लेस विकत काउंटरपाशी उभी राहिली. ते दुकान आज नाही. काका नाहीत. टाउनात जाणे मात्र तिने सोडलेले नाही. आठवड्यातून दोनदा बस पकडून ती जाते. चार वस्तूंच्या निमित्ताने चार माणसे भेटतात, एवढाच तिचा हिशेब.

इंग्लंडात गावच्या मुख्य पेठेला 'हाय स्ट्रीट' म्हणतात. ती उंचावर असते अशी माझी भाबडी समजूत होती. लेस्टरमध्ये आणखी एक गंमत आहे. 'गॅलोट्री गेट', 'हंबरस्टोन गेट' अशी रस्त्यांची नावे वाचून मी दरवाजे शोधीत फिरलो, आणि मग कळले की हे 'गेट' जुन्या नॉर्स भाषेतले असून त्याचा अर्थ नुसताच रस्ता. भाषेच्या प्राध्यापकाने असा मार खावा, हे त्याच्या विद्यार्थ्यांना कळू नये म्हणून मी मुद्दाम येथेच लिहून ठेवतो.

हे सगळे रस्ते १८६८ साली बांधलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी येऊन मिळतात. मावशी तिथे उभी राहिली आणि मला गाव दाखवू लागली. पण दाखवीत होती ते, तिथे नसलेले! गॅलोट्री गेटवर १८९४ सालची टॉमस कुकची इमारत आहे. दर्शनी भागावर त्याच्या सहलींची शिल्पे आहेत. १८४१ साली याच गावाहून त्याने आगगाडीने पहिली सहल काढली, आणि प्रवासाचा धंदा जगाला शिकवला. त्याची कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली. लोक तिकिटे घरबसल्या काढू लागले होते, आणि कर्जाचा डोंगरही होताच. हंबरस्टोन गेटवर 'लुइस' या दुकानाचा उंच मनोरा उभा आहे. खालचे दुकान १९९०च्या दशकातच गेले. कळस राहिला आणि देऊळ गेले, असे काहीसे ते दृश्य आहे.

वुलवर्थचे नाव काढले की मावशीच्या पिढीचे डोळे अजून पाणावतात. १९०९ साली लिव्हरपूलला पहिले दुकान. शेवटची दारे जानेवारी २००९ मध्ये लागली. शंभरी भरली, ती अशी. आठशेवर दुकाने आणि सुमारे २७,००० माणसांची नोकरी. मग २०१६ साली बीएचएस गेले, २०२१ साली डेबनहॅम्स, आणि २०२३ साली विल्को. हे विल्को तर लेस्टरचेच लेकरू, १९३० साली तिथेच जन्मलेले.

मावशीच्या मते सगळा दोष फोनचा. पण फोनच्या पुष्कळ आधी मोटार आली होती, हे ती विसरते. १९८६ साली गेट्सहेडला मेट्रोसेंटर निघाले, १९८९ साली लेस्टरच्या बाहेर, एम-वन रस्त्यापाशी, फॉस पार्क. मोटार फुकट उभी करावी आणि एका छपराखाली सगळे घ्यावे. मौज अशी की या काळात राज्य करीत होत्या थॅचरबाई, म्हणजे तिथून फार लांब नसलेल्या ग्रँथमच्या वाण्याची मुलगी!

दुसरे दुखणे कराचे. तिकडे जागेच्या अंदाजी भाड्यावर दुकानदाराकडून कर घेतात. २०१० सालची आकारणी २००८च्या भाड्यांवरून केली. नेमकी त्याच सुमारास मंदी आली आणि भाडी कोसळली. पुढची आकारणी २०१५ साली व्हायची, ती सरकारने २०१७ वर ढकलली. इतकी वर्षे दुकानदार गेलेल्या बरकतीवर कर भरीत राहिला. महामार्गाकडेच्या गोदामाला जागा स्वस्त, म्हणून करही बेताचा.

आणि मग फोन. २००६ साली शंभर पौंडांच्या किरकोळ खरेदीतले जेमतेम तीन पौंड इंटरनेटवर जात. आता पंचवीसहून अधिक जातात.

त्यातले थोडे माझेही आहेत, हे सांगायचे टाळीत होतो.

बुटांच्या दुकानातल्या प्रौढ बाईने गुडघे टेकून माझे पाऊल पट्टीवर ठेवले, लांबी घेतली, रुंदी घेतली, तीन जोड काढले. वीस मिनिटे गेली. एक जोड पायात असा बसला की काढवेना. एवढ्यात बरोबर आलेल्या मावसभावाने फोन पुढे केला. तोच बूट, अठरा पौंड स्वस्त! मी म्हणालो, "विचार करून येतो." बाई हसल्या. ते हसणे सरावाचे होते. बसमध्ये बसताच आम्ही ऑर्डर दिली.

मावशी खिडकीबाहेर पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमच्याकडेही यायची अशी माणसं. लेस हाताळायची, रंग जुळवून घ्यायची, नमुना कापून न्यायची. आम्ही देत होतो."

मी गप्प बसलो.

दोन दिवसांनी खोके आले. बूट चावला. बाईंनी रुंदीचे जे अक्षर पाहिले होते, ते फोनवर निवडायचे आम्ही विसरलो होतो. परत पाठवायला कोपऱ्यावरच्या गुजराती शेठजींच्या दुकानात गेलो. त्यांचे वडील १९७२ साली युगांडातून आले. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने, इकडे येऊ नका, अशी जाहिरात तिथल्या वर्तमानपत्रात दिली होती. तरी मंडळी आली, आणि ओस पडत चाललेल्या बेलग्रेव्ह रोडवर त्यांनी साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकाने थाटली. दिवाळीत त्या रस्त्यावर आज रोषणाई पाहायला हजारोंची गर्दी लोटते. शेठजींच्या दुकानात मात्र डाळ-तांदळाच्या फळीवर परक्यांची पार्सले रचलेली होती. "हमणां तो आ ज धंधो," ते म्हणाले.

तिथून मावशीने मला पुन्हा टाउनात नेले. मी दाराशी घुटमळलो. बाईंनी मला पाहिले, आत गेल्या, आणि न विचारता तोच जोड घेऊन आल्या. मावशीने विचारले, "इथे किती जणी आहात?" बाई म्हणाल्या, "पाच होतो. आता दोघी." मग त्या दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या राहून इतका वेळ बोलत राहिल्या, की आमची बस चुकली.

पुण्याला आल्यावर सौभाग्यवतींनी पावती पाहिली, पौंडांचे रुपये केले आणि फोन उघडून शोधू लागल्या. त्यांना तो बूट सापडण्याआधी मी तो पायात घातला आणि कॉलेजला निघालो. रविवार होता, हे कोपऱ्यावर आल्यावर लक्षात आले.