आधी फाइली, मग दुरुस्ती

घरचा संगणक मंदावला की ‘सफाई’ करणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. अशा साधनाने विंडोजच्या रजिस्ट्रीतील आवश्यक नोंदी पुसल्या, तर संगणक सुरूच न होण्याची वेळ येते. २०१७ साली तर सीक्लीनर या लोकप्रिय साधनाच्या एका आवृत्तीतच घातक प्रोग्राम शिरल्याचे उघड झाले होते.

अशा प्रसंगी घाईने फॉरमॅट करणे हा उपाय नव्हे. पुसलेल्या फाइलची बहुधा केवळ सूचीतील नोंद जाते. त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर हार्ड डिस्कवर राहतो. म्हणून संगणक तत्काळ बंद करावा, डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून प्रथम फाइलींची प्रत घ्यावी, दुरुस्ती त्यानंतर. एसएसडीत मात्र ही आशा फार थोडी. बिटलॉकरचे कुलूप असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवणे इष्ट. नेटबँकिंगचा पासवर्डही दुसऱ्या, विश्वासार्ह संगणकावरून बदलावा.

खातेउतारा बँकेकडून पुन्हा मिळतो. कन्येच्या विवाहाची छायाचित्रे कोणतीही शाखा देऊ शकत नाही. ठेवीला आवर्जून नॉमिनी नेमणाऱ्या कुटुंबाने फाइलींची दुसरी प्रतही तितक्याच दक्षतेने ठेवावयास हवी.