शिकाऊ डॉक्टरची जागा

हेलिकॉप्टरात प्रत्येक किलोचा हिशेब असतो. इंधन, स्ट्रेचर, प्राणवायूची नळकांडी, रक्ताच्या पिशव्यांची थंड पेटी, वैमानिक, डॉक्टर, पॅरामेडिक आणि परतीच्या वाटेवर रुग्ण, एवढ्यांची सोय लावल्यावर उरलेली जागा कोणाला द्यायची, हा प्रश्न वरवर पाहता वजनाच्या तक्त्यावर सुटणारा आहे. ब्रिटनमधील हवाई रुग्णसेवांनी ही जागा गेल्या दीड दशकात शिकणाऱ्या डॉक्टरसाठी राखण्याचा पद्धतशीर प्रयत्न चालवला आहे. एका डॉक्टरने भागत असताना दोघांना न्यायचे, आणि त्यांतील अनुभवी माणसाने हात मागे बांधून उभे राहायचे! जमाखर्चाच्या वहीत ही जागा तोट्याचीच दिसणार. म्हणूनच ती कोणी राखायची आणि तिचे पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न अखेरीस राजकारणाचा ठरतो.

लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपेल ही गोदी कामगारांची आणि स्थलांतरितांची जुनी वस्ती. तेथील रॉयल लंडन रुग्णालयाशी जोडलेली हवाई सेवा १९८९ साली सुरू झाली. तिच्यामागील कल्पना साधी होती. जखमी माणसाला रुग्णालयापर्यंत आणण्यात जो वेळ जातो त्यातच तो दगावतो. तेव्हा रुग्णालयच त्याच्यापर्यंत न्यावे. डॉक्टर आणि पॅरामेडिक यांची जोडी अपघातस्थळी उतरू लागली. छातीत सुरा लागलेल्या माणसाची छाती रस्त्यावरच उघडण्यापर्यंत या पथकाची मजल गेली, आणि २०१२ पासून ते रक्तही बरोबर नेऊ लागले. एक गोष्ट मात्र हेलिकॉप्टरच्या छायाचित्रांवर भाळणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. रात्री हेच पथक मोटारीने जाते. यंत्र बदलते, सेवा बदलत नाही. कारण सेवेचा गाभा त्या दोन माणसांच्या शिक्षणात आहे.

प्रारंभीची अनेक वर्षे हे शिक्षण जो तो आपापल्या पथकात घेत असे. २०११ साली ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने रुग्णालयपूर्व आपत्कालीन वैद्यकाला उपशाखा म्हणून मान्यता दिली आणि २०१२ पासून ठरावीक अभ्यासक्रमाखाली शिकाऊ डॉक्टर येऊ लागले. शिकाऊ म्हणजे नवखा असा अर्थ येथे घेऊ नये. आपत्कालीन विभागात किंवा भूलशास्त्रात अनेक वर्षे काढलेला, रुग्णालयात स्वतःच्या जबाबदारीवर काम करू शकणारा हा डॉक्टर असतो. तरीही त्याला रस्त्यावर एकटे सोडत नाहीत. आधी वरिष्ठ त्याच्या शेजारी असतो, मग काही पावलांवर, मग दूरध्वनीच्या पलीकडे. ही अंतरे कोणी आणि केव्हा वाढवायची, याच निर्णयात सारे गुरुत्व सामावलेले आहे.

हा निर्णय किती जोखमीचा, हे एका उदाहरणावरून समजेल. डोक्याला जबर मार लागलेला माणूस बेशुद्धीत हातपाय झाडतो आहे, त्याचा श्वास कोंडतो आहे. त्याला भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची आहे. केटामाइनने शुद्ध हरपते, रोक्युरोनियमने स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. तो थांबवणारा डॉक्टरच असतो. त्या क्षणापासून पुढचा प्रत्येक श्वास त्याने द्यायचा आहे. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली आणि ते वेळीच उमगले नाही, तर अपघाताने न मारलेला माणूस उपचाराने मरेल. रुग्णालयात याच कामाला भरपूर उजेड, उंच खाट आणि हाकेच्या अंतरावर मदत असते. येथे पाऊस पडतो आहे, रुग्ण खंदकात आहे, बघ्यांची गर्दी आहे आणि त्याचा भाऊ ओरडतो आहे. ब्रिटनमधील २०१६ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, ज्याला अशी भूल आवश्यक आहे त्याला ती पहिल्या हाकेपासून ४५ मिनिटांच्या आत मिळावयास हवी. घाई करायची आणि चुकायचे नाही, अशी ही दुहेरी अट आहे.

अशा वेळी शेजारी उभ्या असलेल्या वरिष्ठाचे काम शिकाऊच्या कामाहून अवघड असते. तो स्वतः हे काम निम्म्या वेळात उरकू शकतो, आणि नेमके तेच त्याला टाळायचे असते. शिकाऊचा हात अडखळला की लगेच उपकरण हिसकावून घेणारा वरिष्ठ रुग्णाची सेवा करील. पण सहा महिन्यांनी तो शिकाऊ दुसऱ्या कुठल्या तरी घाटात एकटा असेल, तेव्हाच्या रुग्णाची सेवा तो करीत नाही. उलट, शिकवण्याच्या नावाखाली फार वेळ गप्प राहिलेला वरिष्ठ समोरच्या माणसाच्या जिवाशी खेळतो. या दोहोंमधली रेघ पुस्तकात आखता येत नाही. तिच्यासाठी कधी एखादा प्रश्न पुरतो: ‘आता पुढे काय करणार आहात?’ कधी तोंडाने काही न बोलता पडद्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवावे लागते. आणि कधी ‘आता मी घेतो’ असे स्वच्छ शब्दांत सांगावे लागते. त्यात शिकाऊचा अपमान नाही, हे त्याला आधीच समजावलेले असावे लागते. सर्वांत कठीण पाठ न करण्याचा आहे. भूल देता येते म्हणून ती द्यायचीच असे नाही. दहा मिनिटांवर रुग्णालय असेल तर नुसता जबडा उचलून धरून निघणे शहाणपणाचे ठरते. हात शिवशिवत असताना ते आवरणे शिकवायला माणूसच शेजारी लागतो.

या शिक्षणाचा दुसरा विशेष समाजवादी विचाराच्या माणसाला अधिक मोलाचा वाटावा. येथे गुरू नेहमी डॉक्टरच असतो असे नाही. वीस वर्षे रस्त्यावर काढलेला पॅरामेडिक तपासणी-यादी मोठ्याने वाचतो आणि दहा-बारा वर्षे वैद्यकशास्त्र शिकलेला डॉक्टर एकेका बाबीला उत्तर देतो. शोषणयंत्र चालू आहे का? आहे. नळी गेली नाही तर काय करणार? सांगतो. उत्तर मिळाल्याशिवाय पुढची ओळ वाचली जात नाही, आणि काही खटकले तर थांबण्यास सांगण्याचा अधिकार पथकातल्या प्रत्येकाला असतो. ही रीत विमानोड्डाणाच्या जगातून आली आहे आणि तिची किंमत फार मोठी मोजावी लागली आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धुक्यात एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. उड्डाण करणाऱ्या विमानातील अभियंत्याने पुढची धावपट्टी मोकळी आहे ना, अशी शंका काढली होती. ज्येष्ठ वैमानिकाने ती झटकून टाकली आणि अभियंता गप्प बसला. त्यानंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायला आणि वरिष्ठांना ऐकायला शिकवण्याचे रीतसर वर्ग काढले. भारतातील रुग्णालयांत आजही वॉर्डातल्या सिस्टरला जे दिसते ते नव्या डॉक्टरला दिसत नाही, आणि ‘सर’ चुकत आहेत हे सांगण्याची सोय दोघांनाही नसते. तेथे उतरंड नुसती मानापमानाची राहत नाही. ती माणसे मारते.

काम संपल्यावरही शिक्षण संपत नाही. पथक तळावर परतते, पिशव्या पुन्हा भरल्या जातात आणि चहाच्या पेल्यावर घडलेले सारे उलगडले जाते. पुढे सर्वांच्या बैठकीत तेच प्रकरण पुन्हा निघते, आणि तेथे वरिष्ठालाही स्वतःची चूक मांडावी लागते. मूल दगावले असेल त्या दिवशी शिकाऊला लगेच घरी पाठवू नये, आणि लगेच पुढच्या कामावरही पाठवू नये, एवढी समज ज्या सेवेत आहे ती सेवा तरुण डॉक्टरांना टिकवून धरते. ही बैठक, हा चहा, हे थांबणे, सारा पगारी वेळ आहे. या काळात एकही रुग्ण उचललेला नसतो आणि कोणत्याही अहवालात त्याचा आकडा येत नाही.

हा पैसा कोणी द्यावा, हा मूळ प्रश्न आहे. वेल्सचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आणणारा अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावचा. त्या गावातील कामगार आपल्या मजुरीतून काही पेन्स वर्गणी भरून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवीत असत. बेव्हनच्या योजनेचे बीज तेथे होते. रुग्णालयासाठी परिचारिकांना रस्त्यावर डबे घेऊन फिरावे लागते याचा आपल्याला किळस येतो, असे त्याने १९४६ साली पार्लमेंटमध्ये बोलून दाखवले होते. त्याच वेल्समध्ये २००१ पासून हवाई रुग्णसेवेची हेलिकॉप्टरे लोकांच्या देणग्यांवर, सोडतींवर आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांवर उडतात. वर्षाला एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम अशी जमवावी लागते. २०१५ साली मात्र एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. हेलिकॉप्टरचा खर्च संस्थेकडेच राहिला, आणि त्यात बसणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचा व पॅरामेडिकांचा भार वेल्सच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने उचलला.

वेल्समधील सामान्य माणसाच्या देणगीची टिंगल करण्याचे कारण नाही. ती बहुतेक कृतज्ञतेपोटी दिलेली असते. परंतु वर्गणी आणि देणगी यांत भेद आहे. ट्रेडेगरचा खाणकामगार वर्गणी भरून हक्कदार होत होता. देणगीदार उपकारकर्ता होतो, आणि उपकाराला दिसणारी वस्तू लागते. हेलिकॉप्टर दिसते. शिकाऊ डॉक्टरशेजारी गप्प उभा असलेला वरिष्ठ दिसत नाही. काही संस्था शिक्षणावरही खर्च करतात, हे त्यांना भूषणावह आहे. पण ती गोष्ट त्यांच्या सुबुद्धीवर अवलंबून राहावी हेच आक्षेपार्ह. १९३३ साली आयला बेटावरून पहिला रुग्ण ग्लासगोला विमानाने आणणाऱ्या स्कॉटलंडमध्ये आज देणग्यांवर चालणारे पथकही आहे. पण तेथील हवाई रुग्णसेवेचा मुख्य भार सरकारी तिजोरीवरच आहे आणि तिजोरी त्याने बुडाली नाही.

बेव्हनच्या त्या सेवेत भारतीयांचा वाटा मोठा आहे. दक्षिण वेल्सच्या खाणखोऱ्यांत, जेथे गोरे डॉक्टर जायला तयार नव्हते, तेथे भारतीय उपखंडातील डॉक्टरांनी दवाखाने चालवले. ज्यांचे शिक्षण येथल्या सरकारी महाविद्यालयांत जनतेच्या पैशाने झाले असे अनेकजण त्यांत होते. येथे राहिलेल्या जनतेच्या वाट्याला त्या ज्ञानाचे किती आले?

भारतात हवाई रुग्णवाहिका म्हणजे प्रामुख्याने ज्याला परवडते त्याला एका खाजगी रुग्णालयातून दुसऱ्या खाजगी रुग्णालयात नेणारे भाड्याचे विमान. मध्य प्रदेश सरकारने २०२४ साली आयुष्मान कार्डधारकांसाठी विनामूल्य हवाई सेवा सुरू केली आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी हृषीकेशच्या एम्समधून ‘संजीवनी’ हेलिकॉप्टर सेवेचे उद्घाटन झाले. सार्वजनिक रुग्णालयाने हे पाऊल उचलले याचे स्वागतच केले पाहिजे. १७ मे २०२५ रोजी केदारनाथला रुग्ण आणण्यासाठी गेलेले हेच हेलिकॉप्टर उतरताना कोसळले. शेपटी मोडली, आतील माणसे सुदैवाने बचावली. यंत्र असे एका क्षणात जाते आणि पैसे असले तर दुसरे आणताही येते. त्यात बसणारे डॉक्टर घडवणारी शिक्षकांची फळी मात्र निविदा काढून आणता येत नाही. आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून भारतीय वैद्यक परिषदेने मान्यता दिली तीच २००९ साली.

गडचिरोलीत चकमकीत जखमी झालेल्या जवानाला हेलिकॉप्टरने नागपूरला नेतात, आणि ते योग्यच आहे. त्याच जिल्ह्यात भामरागडच्या बाजूला पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून नाल्यापलीकडे आणावे लागते. म्हणून उद्या कोणी सरकारने तिच्यासाठीही हेलिकॉप्टर जाहीर केले तर टाळ्या पडतील. परंतु नाल्यापलीकडे तिची वाट पाहणारी गाडी १०८ क्रमांकाची असते, आणि प्रश्न त्या गाडीपासून विचारायला हवा.

महाराष्ट्राची १०८ सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा, ही त्या योजनेची खरोखर मोठी गोष्ट आहे. अनेक राज्यांच्या सेवांत ती नाही. या डॉक्टरांत आयुर्वेदाचे पदवीधर पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे बोट दाखवणे शहरी तज्ज्ञांना आवडते. पण कोणत्याही पदवीच्या डॉक्टरला सुरुवातीचे वर्ग संपल्यावर रात्रीच्या पाळीत तालुक्याच्या रस्त्यावर एकट्याने उभे केले तर त्याने शिकावे कोणाकडून? ब्रिटनमध्ये अनेक वर्षे रुग्णालयात मुरलेल्या डॉक्टरलाही जी सोबत दिली जाते ती येथे नवख्याला नाही, आणि नोकरी कंत्राटाची असल्याने अनुभव येताच तो दुसरी वाट शोधतो. २०२४ साली या सेवेचे नवे कंत्राट दिले गेले तेव्हा वाद रंगला तो रकमेवर. रकमेचा हिशेब विचारलाच पाहिजे. त्याबरोबर हेही विचारायला हवे होते, की प्रत्येक जिल्ह्यात शिकवणारे किती वरिष्ठ नेमणार, त्यांना वेतन कोण देणार, आणि नव्या डॉक्टरच्या पहिल्या महिन्यात त्याच्याबरोबर कोण जाणार.

१०८च्या गाडीत चालकाला ‘पायलट’ म्हणतात. तेथे किलोचा हिशेब नाही. मागे स्ट्रेचरशेजारी बाक असतो. रुग्णाचा नातेवाईक बसला, डॉक्टर बसला, तरी त्यावर आणखी एका माणसापुरती जागा शिल्लक राहते.