नातीचा दाखला आणि इंद्रायणीचा फेस

आमच्या धाकट्या नातीचा जन्मदाखला अखेर दुरुस्त होऊन हातात आला. चूक तशी छोटीच होती. ‘शेख’च्या जागी ‘शेळके’ पडले होते. पहिल्या दिवशी घरात सगळे हसले. दादी म्हणाल्या, “चला, आपल्या घरात शेळक्यांची लेक आली!” शाळाप्रवेशाची वेळ आली तेव्हा मात्र हसू मावळले. आधार कार्डावर एक, दाखल्यावर दुसरे. आपल्या घरांना हा घोळ नवा नाही. शेख आणि शैख, फातिमा आणि फातेमा, मोहम्मद, महंमद आणि नुसतेच मो. लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आले ते कागदावर उतरते आणि पुढची पिढी ते निस्तरत बसते.

या दाखल्यासाठी मुलाने सहा खेटे घातले. तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे, म्हणजे एक खेटा तर एक खाडा. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर बंद, कधी “दवाखान्याचे पत्र आणा”, आणि पत्र नेले तर “यावर शिक्का कुठाय?” तिसऱ्या खेपेला कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या एकाने हळूच विचारले, “भाईजान, कशाला फिरताय? दोन दिवसांत करून देतो.” मुलगा घरी येऊन म्हणाला, “अम्मी, देऊन टाकू का? तीन खाड्यांत तेवढे पैसे गेलेच की.” हिशेब चुकीचा नव्हता. आमचेही मन क्षणभर डळमळले.

सूनबाईने मात्र अडवले. ती म्हणाली, “अम्मी, आजवर आपण एक तरी अर्ज लिहून दिलाय का? सगळं तोंडी चाललंय. हे तीन वेळा जाऊन आले, ते त्यांच्या कुठल्या कागदावर आहे?”

आम्ही गप्प बसलो. कारण उत्तर ‘कुठेच नाही’ असे होते. चौथ्या खेपेला लेखी अर्ज गेला, सोबत कागदांची यादी, आणि प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पाचव्या खेपेला पुन्हा “होणार नाही” असे उत्तर आले, तेव्हा मुलगा नम्रपणे म्हणाला, “साहेब, नाही होणार तर तेवढं कारणासकट लिहून द्या.” लिहून कुणी दिले नाही. सहाव्या खेपेला दाखला मिळाला.

या महिन्यात सरकारी कामाचे मोजमाप या विषयावर लिहायचे ठरले, तेव्हा सूनबाईचा तो प्रश्न आमच्या मनात होता. कार्यालये काम कसे करतात हे ठरवायचे कुणी, आणि कुठे उभे राहून?

सरकारही आपल्या कार्यालयांना गुण देते. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम राबवला. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रारींचे निवारण, कार्यालयातील सोयी, गुंतवणुकीला प्रोत्साहन आणि क्षेत्रीय भेटी अशा मुद्द्यांवर कामगिरी तपासली गेली. तपासणी भारतीय गुणवत्ता परिषदेने केली आणि १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, निकाल जाहीर झाला. महापालिका आयुक्तांच्या गटात उल्हासनगर पहिले आले. आपली पिंपरी-चिंचवड महापालिका ८५.७१ गुण घेऊन दुसरी आली.

हे गुण खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. या महापालिकेने २०१३ मध्ये ‘सारथी’ ही मदतवाहिनी सुरू केली आणि फोनवर केलेल्या तक्रारीला क्रमांक मिळू लागला. राज्यातल्या कितीतरी गावांना त्या वेळी हे ठाऊकही नव्हते. चांगल्याला चांगले म्हटलेच पाहिजे. पण गुणपत्रिकेतले बहुतेक मुद्दे कार्यालयात बसून तपासता येतात. कार्यालयाचे काम ज्याच्यापर्यंत पोहोचायचे, त्याच्या दारात उभे राहून पाहिले तर काय दिसते? त्यासाठी आळंदीच्या घाटावर जायला हवे.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. तळेगावच्या बाजूने देहूत येते. देहूजवळच्या अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी संत तुकाराम महाराजांची पालखी आजही थांबते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. मग तळवडे, चिखली, मोशी अशी महापालिकेची हद्द लागते. त्याखाली आळंदी, आणि पुढे तुळापूरला ती भीमेला मिळते. ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीला येणारे लाखो वारकरी याच पाण्यात उतरतात, तोंड धुतात, तीर्थ म्हणून ओंजळ घेतात. गेली काही वर्षे याच पाण्यावर बंधाऱ्याखाली पांढरा फेस तरंगताना दिसतो, अगदी कार्तिकीच्या दिवसांतही. दुरून कापूस पिंजल्यासारखा दिसतो. साबण-डिटर्जंटचे पाणी, सांडपाणी आणि कारखान्यांतली रसायने नदीत येतात, बंधाऱ्यावरून पाणी पडले की घुसळले जाते आणि फेस होतो.

हा फेस कुणाचा? घाटावर उभे राहून हा प्रश्न विचारला तर बोट दाखवायला जागा पुरत नाही. वर लोणावळा आणि तळेगावच्या नगरपरिषदा आहेत, देहूची नगरपंचायत आहे, एका काठावर महापालिका आहे. दुसऱ्या काठावर ग्रामपंचायती आहेत, चाकणची नगरपरिषद आहे, पीएमआरडीए आहे. कारखान्यांच्या वसाहतींसाठी एमआयडीसी आहे. कारखान्यांना संमतीपत्र देणारे आणि ते मोडले तर कारखाना बंद करण्याचा आदेश देऊ शकणारे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. प्रत्येकाच्या टेबलावर आपापली फाईल नीट असेल. मंडळाने नोटीस काढली, तिचा जावक क्रमांक आहे. पालिकेने शुद्धीकरण केंद्र बांधले, त्याची क्षमता दशलक्ष लिटरमध्ये फलकावर लिहिली आहे. आणि एवढ्या सगळ्या नीट फायलींच्या मधून नदी मात्र फेसाळत वाहते.

म्हणून आम्हाला वाटते की नोटिसा किती काढल्या आणि केंद्राची क्षमता किती, हे मोजून भागणार नाही. आळंदीच्या घाटावर पाणी कसे आहे, हेच मोजले पाहिजे. त्याचे मापही तयार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे, आंघोळीच्या पाण्याच्या एका लिटरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन निदान ५ मिलिग्रॅम हवा आणि बीओडी, म्हणजे घाण कुजताना खर्च होणारा ऑक्सिजन, ३ मिलिग्रॅमहून जास्त नको. दोनच आकडे. घाटावर मोठ्या फलकावर हे दोन आकडे रोज लिहिले, तर या सगळ्या कार्यालयांची गुणपत्रिका एका फळ्यावर येईल आणि शाळकरी पोरही ती वाचेल. याच केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात ३५१ पट्टे होते आणि त्यातले ५३, म्हणजे सर्वांत जास्त, आपल्या महाराष्ट्रातले. इंद्रायणी त्या यादीत होती.

मोजमापाचा दुसरा प्रश्न वेळेचा. काम झाले का, एवढेच विचारून चालत नाही. वेळेवर झाले का, हेही विचारावे लागते. याच नदीवर, मावळात कुंडमळा येथे, १५ जून २०२५ च्या रविवारी जुना लोखंडी पूल कोसळला. पर्यटकांची गर्दी होती. चार माणसे गेली, पन्नासच्या आसपास जखमी झाली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. म्हणजे कागदावर दोन्ही कामे झाली होती. धोका ओळखला होता आणि उपायही ठरला होता. पण फलक लावणे आणि माणसांना पुलावर जाऊ न देणे यात जे अंतर राहिले, त्यात चार घरांत मातम झाला.

वेळेचीच आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या अनेकांना जवळून लागली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीत काही दिवसांत हजारो पत्राशेड आणि भंगाराची गोदामे जमीनदोस्त केली. मे महिन्यात चिखलीतच इंद्रायणीच्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले पाडले. बंगल्यांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये आदेश दिला होता आणि तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. भंगाराच्या धंद्यात आपल्या समाजातले कितीतरी लोक आहेत. कुदळवाडीत ज्यांचा रोजगार गेला त्यांचे दुःख आम्ही पाहिले आहे. तिथल्या आगी, धूर आणि नदीत जाणारी घाण हेही खरे होते, ते नाकारून आपले भले होणार नाही.

पण मोजमाप करायचे तर पूर्ण करू. पूररेषेत पहिली वीट बसली त्या दिवशी तिथला अधिकारी कुठे होता? हजारावी शेड एका रात्रीत उभी राहात नाही. याच शहरात अनधिकृत बांधकामांकडून वर्षानुवर्षे शास्तीकर आकारला गेला आणि २०२३ मध्ये तो सरकारनेच माफ केला. कराची पावती हातात असलेल्या माणसाला वाटते, आपले घर मान्य झाले. बुलडोझर चार दिवसांत फिरला ही कार्यक्षमता धरली, तर त्याआधीच्या वर्षांना किती गुण द्यायचे? पहिल्या विटेला थांबवले असते तर खर्च एका नोटिशीचा होता. शेवटी बंगलेवाल्यानेही भोगले, भंगारवाल्यानेही भोगले आणि नदीनेही.

हे प्रश्न सभागृहात विचारायला नगरसेवक असतात. पिंपरी-चिंचवडमध्ये त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि २०२५ संपेपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. कुंडमळा महापालिकेच्या हद्दीबाहेरचा, पण ते ८५.७१ गुण, कुदळवाडी आणि ते ३६ बंगले हे सगळे त्या काळातले, जेव्हा पालिकेच्या सभागृहात लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता.

जुन्या मुसलमानी शहरांत मुहतसिब नावाचा एक अंमलदार असे. बाजारातली वजनेमापे तपासणे हे त्याचे काम. तो बाजारात फिरे, तराजू बघे, दुधात पाणी आहे का ते पाही. अधिकार ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो, हे आपण मुलांना शिकवतो. मग हिशेब मागणे हेही आपलेच काम ठरते.

इथे आमच्या घरातला प्रसंग पुन्हा आठवतो. आपण एजंटाला पैसे देतो तेव्हा काय होते? कार्यालयाच्या नोंदीत ते काम ‘अर्ज आला, मुदतीत निकाली’ असे लागते. आपले तीन खाडे, दिलेले पैसे, ऐकलेली बोलणी कुठेच लागत नाहीत. आपल्याच पैशातून आपण त्या कार्यालयाला चांगले गुण देऊन येतो. ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन लावून काम करून घेतो तेव्हाही तेच होते. आपले काम होते, मागे रांगेत उभ्या असलेल्या विधवेचे राहते.

म्हणून वाचक भगिनी-बंधूंनो, तीन साध्या गोष्टी.

एक, तोंडी काही मागू नका. अर्ज लिहा, एक प्रत स्वतःकडे ठेवा, तिच्यावर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ऑनलाइन अर्ज असेल तर क्रमांक टिपून ठेवा.

दोन, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला आहे. त्यात अधिसूचित झालेल्या सेवांची यादी, प्रत्येक सेवेची मुदत आणि जबाबदार अधिकारी कोण, हे कार्यालयाने फलकावर लावायचे असते. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते, मग दुसरे, आणि शेवटी आयोगाकडे तिसरे. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

तीन, माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा अर्ज, १५० शब्दांत, एकच विषय. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. आपल्या वस्तीचे सांडपाणी कोणत्या केंद्रात जाते, हे विचारून बघा. आपल्याच मोरीचे पाणी थेट ओढ्यात जाते असे निघाले, तर फेसातला आपला वाटाही कळेल. हिशेब मागणाऱ्याने आपलाही द्यायचा असतो.

सूनबाईने आता स्वयंपाकघरातल्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागची चार पाने राखून ठेवली आहेत. तारीख, कार्यालय, काम, काय उत्तर मिळाले, किती खाडे. वर शीर्षक म्हणून दादींनी स्वतः मोडक्या अक्षरात लिहिले आहे, ‘सरकारी खाते’. पहिली ओळ नातीच्या दाखल्याची आहे. दुसरी ओळ गल्लीतल्या बंद पडलेल्या दिव्याची. तिच्यापुढे आवक क्रमांक आहे, उत्तराचा रकाना अजून कोरा आहे.