गप्प बसणारा शेवटचा बाक

मराठी-उर्दू माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलेली आपली मुलं-मुली वर्गात गप्प असतात. विषय कळत नाही असं नाही, प्रश्न इंग्रजीत विचारायची लाज वाटते. सर फळा भरतात, आपण उतरवतो, मग केटी. विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ साली निघाला: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सुमारे ३४ टक्के नापास, आपसात बोलून, स्वतः प्रश्न सोडवणाऱ्या वर्गात २२. आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल्स मराठीतही आहेत, तीही फुकट. व्हिडिओ थांबवायचा, तोच कोड स्वतः चालवायचा, अडलं तर शेजाऱ्याला विचारायचं. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकांनी यासाठी संध्याकाळचा एक तास द्यावा, अशी आमची मागणी आहे. सध्या तिथे 'शांतता राखा' अशी पाटी असते.