खुराड्यावरचं गोणपाट

निफाडचा पारा घसरला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन गोष्टी हमखास असतात: कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा आणि द्राक्षबागेत पहाटे पेटवलेल्या शेकोट्या. बागायतदाराची काळजी खरीच आहे. मणी तडकले तर वर्षाचं गणित मोडतं. पण त्याच रात्री, त्याच शिवारात, घरामागच्या खुराड्यात दहा-पंधरा कोंबड्याही बसलेल्या असतात. घरातली बाई संध्याकाळीच खुराड्याला चारी बाजूंनी गोणपाट गुंडाळते, उरलेल्या फटींत चिंध्या कोंबते आणि निश्चिंत होते. बाजारातून पिल्लं आणली असली तर ती ओसरीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात असतात, वर एक बल्ब लोंबत असतो.

परसातल्या कोंबड्या हिवाळ्यात दगावतात त्या बऱ्याचदा याच व्यवस्थेपायी, असं माझं मत आहे. जिला हवा हवी तिला आपण कोंडतो आणि ज्यांना खरोखर ऊब हवी त्यांची एका बल्बवर बोळवण करतो.

आधी मोठ्या कोंबडीचं बघू. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. माणसाला एवढा ताप चढला तर आपण दवाखाना गाठू. पिसं फुलवून ती आत हवेचा थर धरून ठेवते. ही तिची गोधडी. रात्री दांडीवर बसली की पाय पोटाखाली घेते, चोच पिसांत खुपसते. एवढ्या तयारीवर ती निफाडचीच काय, त्याहून कितीतरी कडक थंडी काढते. कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या ओका इथल्या मठात विल्फ्रिड शातलँ या ख्रिस्ती साधूने गेल्या शतकाच्या सुरुवातीला खास तिथल्या हिवाळ्यासाठी ‘शांतक्लेर’ नावाची जात तयार केली. तिला तुरा अगदी नावापुरता आणि गळ्याखालची लोंबती कातडीही तशीच. बर्फाळ हवेत कोंबडीचं आधी गोठतं ते तुऱ्याचं टोक, अंग नव्हे, हे त्याने ओळखलं होतं. अमेरिकेत प्रिन्स वूड्स यांनी १९१२ मध्ये कोंबड्यांच्या उघड्या घरांवर पुस्तकच लिहिलं. त्यांच्या घराची पुढची बाजू जाळीची, बर्फ पडत असतानाही मोकळी. मागच्या भागात वारा पोचत नाही आणि कोंबड्या तिथे बसतात. जिथे हिवाळ्यात पाणी दगड होतं तिथल्या माणसाला पुढची भिंत नको वाटली. आपण मात्र आठ अंशांना घाबरून फटी बुजवतो.

फटी बुजल्या की काय होतं? कोंबडी रात्रभर श्वासातून वाफ सोडते. लघवी वेगळी नसल्यामुळे सगळं पाणी विष्ठेतूनच बाहेर पडतं. बंद खुराड्यात ही वाफ पत्र्याला लागते, पहाटे थेंब होऊन खाली ठिबकते. तूस ओलं होतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. पिसं दमट झाली की गोधडी गेलीच. वर त्या वायूने डोळे आणि श्वासनलिका जळतात. चार दिवसांत एखादी कोंबडी घरघरू लागते, दुसरीचे डोळे सुजतात. घरात निदान तयार असतं: थंडी बाधली. मग गोणपाटाचा आणखी एक थर चढतो.

गोणपाट काढून टाका असं मी म्हणत नाही. ते वाऱ्याच्या बाजूला हवंच. आपल्याकडे थंडीचा वारा बहुतेक उत्तरेचा. पण त्याची वरची कड दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर संपावी आणि तिथून छपरापर्यंत निदान वीतभर जागा उघडी राहावी. वाफ वरून निघून जाते, झोत अंगावर येत नाही. खाली चार बोटं तूस किंवा लाकडाचा भुसा असावा. ओला पुंजका दिसला की काढावा आणि तिथे थोडी चुन्याची भुकटी मिसळावी. खुराडं ठीक आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. सकाळी दार उघडताना खाली बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले तर ती रात्रभर त्यातच होती. बाकी मोठ्या कोंबडीचे लाड थोडेच: संध्याकाळी मूठभर मका किंवा बाजरी, म्हणजे रात्री पचनाची ऊब मिळते, आणि सकाळी रात्रीचं गार पाणी ओतून कोमट पाणी.

पिल्लाचं सगळंच वेगळं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, लव असते. ती लव हवेचा पुरेसा थर धरत नाही, आणि आपलं आपण अंग गरम ठेवण्याची सोय त्या शरीरात पहिले दोन-तीन आठवडे नीट सुरूही झालेली नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीपाशी ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत न्यायचं, चांगली पिसं येईपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे. बाहेर ८ आणि खोक्यात ३५. हा फरक एका बल्बने भरून काढायचा आहे.

आणि बल्ब तरी कुठला? कुक्कुटपालनाच्या पुस्तिकांत एका पिल्लामागे २ वॅट असा हिशेब असतो, म्हणजे ५० पिल्लांना १०० वॅटचा बल्ब. हा हिशेब जुन्या पिवळ्या बल्बचा. तो प्रकाश कमी आणि उष्णता जास्त द्यायचा, त्याचा तोच दोष पिल्लांच्या कामाचा होता. आता दुकानात मिळतो तो एलईडी. खोकं लख्ख उजळतं आणि पिल्लं गारठून मरतात. घरच्यांना कळत नाही, कारण बल्ब तर रात्रभर चालू होता. पिवळा बल्ब मिळत नसेल तर ब्रूडरसाठीचा, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेसाठीचा, उष्णतेचा दिवा आणावा. शोभेच्या उजेडावर पैसे घालवू नयेत.

ऊब पुरते की नाही हे पिल्लं स्वतःच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असली तर गार आहे. दिव्यापासून लांब पळून चोची उघड्या ठेवून बसली तर गरम झालंय. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतोय. आणि सगळीकडे पसरून काही खातायत, काही पेंगतायत, असं दिसलं की दिवा हलवू नका. हे दिवसा नव्हे, पहाटे चारला उठून बघायचं. गारठा तेव्हा चांगलाच वाढलेला असतो आणि खेड्यात वीजही नेमकी तेव्हा जाते. वीज गेली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून चौकोनी खोक्यापेक्षा पुठ्ठ्याचं गोल कडं बरं. त्याला कोपराच नसतो.

वीज गेल्यावर शेगडी आत ठेवणं हा आपल्याकडचा सर्वांत धोक्याचा उपाय. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि बंद खोलीत पिल्लांच्या आधी माणसंच जायची. उकळलेलं पाणी बाटल्यांत किंवा कॅनमध्ये भरून, गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवलं तर तीन-चार तास निभावतात. रात्रीत एकदा उठून पाणी बदलावं लागतं, इतकंच.

पिल्लू अंड्यातून निघताना पोटात थोडं पिवळं बलक घेऊनच येतं. त्याच्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं, म्हणून तर पिल्लांचे डबे लांबचा प्रवास करून येतात. पण प्रवासात किंवा पहिल्या रात्री गारठलं तर ते बलक नीट पचत नाही. पिल्लू मलूल होतं, मागे विष्ठा चिकटून गुदद्वार बंद होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लं मरायला लागतात. दोष मग विकणाऱ्यावर जातो. म्हणून पिल्लं येण्याच्या तीन-चार तास आधीच दिवा लावून तूस गरम करून ठेवावं. आल्यावर आधी कोमट गूळपाणी, मग मक्याचा भरडा.

हे सगळं ज्या घराला जमतं, त्या घराला पिल्लं द्यायला हरकत नाही. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या कुक्कुट योजनेत ५० टक्के अनुदानावर दोन पर्याय राहिले आहेत: एक दिवसाची १०० पिल्लं किंवा ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर. कागदावर शंभराचा आकडा भरघोस दिसतो. पण हिवाळ्यात, रात्रीच्या विजेचा भरवसा नसलेल्या वस्तीवर १०० पिल्लं उतरवणं म्हणजे मरणाची खोकी वाटणं आहे. सातपुड्यातल्या पाड्यावर तर नक्कीच. तोरणमाळच्या आसपास कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याच्या बातम्या आपण वाचतोच. सरकारी पैसा संपवण्याची घाई वर्षाच्या कोणत्या महिन्यांत असते ते मी सांगायला नको. माझं म्हणणं साधं आहे: दिवाळीपासून शिमग्यापर्यंत डोंगराळ आणि थंड तालुक्यांत फक्त तलंगाच द्याव्यात. पिसं आलेली तलंग ही मोठी कोंबडीच. तिला हवा पुरते, दिवा लागत नाही. खर्च पक्ष्यामागे जास्त पडतो हे खरं, पण तो जिवंत पक्ष्यामागे मोजावा.

पिल्लंच हवी असतील तर त्यांना आई शोधावी. खुडूक गावठी कोंबडी हा सर्वांत स्वस्त ब्रूडर आहे. वीज गेल्याने तो बंद पडत नाही. खरं तर अंडी बसवायला हिवाळा उत्तम. उन्हाळ्यात साठवलेली अंडी घरातल्या उष्म्याने नासतात, थंडीत ती टिकतात. एरवी बारा-तेरा अंडी बसवतात, पण थंडीत नऊ-दहाच बसवावी. २१ दिवसांनी जेवढी पिल्लं निघतील तेवढी सगळी तिच्या पंखाखाली मावायला हवीत, बाहेर राहिलेलं पिल्लू सकाळी मेलेलं सापडतं.

विकतच्या पिल्लांनाही ती आई मिळू शकते. वनराजा किंवा गिरिराजसारख्या सुधारित जातींच्या माद्या सहसा खुडूक होत नाहीत, निवडीत त्यांचा तो गुण मागेच पडला. पण शेजारी एखादी गावठी कोंबडी बरेच दिवस अंड्यांवर बसून असेल, तर रात्री अंधारात तिच्याखालची अंडी हळूच काढून एक-दोन दिवसांची पिल्लं सरकवायची. सकाळी ती बहुतेक वेळा त्यांना आपली मानते. आठवड्याची मोठी पिल्लं मात्र तिला देऊ नयेत. ती तिच्या हाकेला येत नाहीत आणि ती त्यांना टोचते.

थंडीत अंडी बंद झाली म्हणून अनेक जण तक्रार करतात. त्यात थंडीचा वाटा कमी, दिवसाचा जास्त. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांचाच. व्यावसायिक शेडमध्ये दिवे लावून ही भर घालतात. परसातल्या दहा कोंबड्यांसाठी ते करू नये असं मला वाटतं. कोंबडीची पिसं झडून नवी आलेली असतात, तिला दोन महिने थांबू द्या. संक्रांतीनंतर ती आपोआप परत घालू लागते.

‘थंडी बाधली’ हे निदान मात्र सोडायलाच हवं. मान वाकडी होऊन पडलेली कोंबडी थंडीने नव्हे, मानमोडीने मरते. तिलाच डॉक्टर राणीखेत म्हणतात. एकाएकी चार-पाच पक्षी मेले तर बर्ड फ्लूचीही शंका घ्यावी. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात, आणि जानेवारी २०२१ मध्ये तो परभणीजवळ मुरुंब्यातही आढळला. दोन्ही वेळा थंडीचेच दिवस होते. मेलेले पक्षी नाल्यात न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

मानमोडीवर लस आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. अडचण अशी की लसीची कुपी साधारण १०० पक्ष्यांची असते, ती एकदा कालवली की दोन-एक तासांत संपवावी लागते, आणि एका घरात कोंबड्या बारा. म्हणून एकट्याने कोणी आणत नाही आणि कोणाचीच टोचणी होत नाही. आठ-दहा घरांनी एक सकाळ ठरवावी, कोंबड्या डालग्याखाली कोंडून ठेवाव्यात, आणि कुपी आणायला जाणाऱ्याने बर्फ घातलेला थर्मास सोबत न्यावा.