दोनशे प्रश्नांपलीकडची मुलाखत

मिरज, सांगली, कराड, सातारा. या पट्ट्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत इंटर्नशिपचे वर्ष बहुतेकांचे सारखेच जाते. वॉर्डातले काम कसेबसे उरकायचे आणि खोलीवर येऊन मोबाइलवर प्रश्नसंच सोडवत बसायचे. त्याला दोष तरी कसा द्यावा? नीट-पीजीचे २०० बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. एमडी-एमएसची जागा त्यावरच ठरते. उमेदवाराला समोर बसवून चार वाक्ये बोलायला कोणी सांगत नाही.

त्यामागे कारण आहे. आपल्याकडे मुलाखत म्हटले की पाठोपाठ वशिला आठवतो. श्रीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशाच्या १५० गुणांपैकी ५० मुलाखतीला होते आणि प्रत्येकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली जात होती. अजय हासिया खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण मनमानी ठरवले. मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण नसावेत, असे सांगितले. माण किंवा जतच्या शेतकऱ्याची मुलगी आणि शहरातल्या नामवंत सर्जनचा मुलगा यांची उत्तरपत्रिका संगणक सारखीच तपासतो. ही कमाई छोटी नाही आणि प्रवेशासाठी मुलाखत पुन्हा आणण्याचे काही कारण नाही.

पण मुलाखत ज्या गोष्टी तपासते, त्यांची तयारीही आपण सोडून दिली, हे मात्र महागात पडते आहे.

ब्रिटनमध्ये विशेषज्ञ प्रशिक्षणाच्या अनेक शाखांत जागा मिळवताना मुलाखत द्यावी लागते. देशातही अनेक मोठी रुग्णालये फेलोशिपसाठी मुलाखत घेतात. ब्रिटनच्या भरवशावर मात्र कोणी राहू नये. तिथे २०२५ मध्ये सुमारे १० हजार जागांसाठी ३० हजारांहून अधिक डॉक्टरांनी अर्ज केले आणि स्थानिक पदवीधरांना प्राधान्य देण्याचे सरकारने जाहीर केले. मग तिथल्या मुलाखतीकडे पाहायचे कशाला? ती बेतली कशी जाते, हे शिकण्यासाठी. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकीय प्रवेशासाठी एका लांबलचक मुलाखतीऐवजी आठ-आठ मिनिटांच्या अनेक छोट्या मुलाखती घेऊन पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रसंग, वेगळा परीक्षक. एकाच परीक्षकावर पडलेली पहिली छाप निकाल फिरवू शकते. शिवाय एका प्रसंगात चमकणारा उमेदवार दुसऱ्यात अडखळू शकतो. ठरलेले प्रश्न आणि ठरलेली गुणतालिका हे सूत्र आज अनेक देशांत वापरतात.

असाच एक प्रसंग आपल्या भागातला घेऊ. पाटण तालुक्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र, पहाटेचे चार. जमिनीवर झोपलेल्या बाईच्या पोटात दुखते आहे, पापण्या जड झाल्यात. अंगावर दंशाची खूण नीट दिसत नाही. मण्यार कसा चावतो हे ठाऊक असलेला डॉक्टर इथेच सावध होतो. परीक्षेत प्रश्न येतो, ‘मण्यारीचे विष चेतातंतूंच्या जोडाच्या कोणत्या बाजूवर काम करते?’ उत्तरावर टिचकी मारली की चार गुण. मुलाखतीतला परीक्षक विचारतो, ‘पहिल्या पाच मिनिटांत काय कराल?’ इथे आधी श्वास कसा आहे ते बघायचे असते. प्रतिविषाच्या पहिल्या मात्रेलाच साधारण दहा कुप्या लागतात, तेवढ्या कपाटात आहेत का? रिॲक्शन आली तर ॲड्रिनॅलिन भरून ठेवले आहे का? १०८ येईपर्यंत आणि पुढे कराडच्या वाटेवर श्वास मंदावला, तर ॲम्ब्यू बॅग कोण दाबणार? बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याला काय सांगणार, आणि कोणत्या शब्दांत? सगळे ठाऊक असलेली मुलेही हे क्रमाने बोलताना गडबडतात, कारण ते त्यांनी मोठ्याने कधी म्हटलेलेच नसते.

दुसरा प्रसंग आणखी अवघड. रात्रपाळीला वरिष्ठ डॉक्टर दारू पिऊन आले आहेत असा संशय आहे, काय कराल? आपल्याकडच्या विद्यार्थ्याची जीभ ‘सर’ या शब्दावरच अडते. आधी रुग्ण सुरक्षित करायचा, त्यांना कामातून बाजूला घ्यायचे, मग वरच्या अधिकाऱ्याला कळवायचे, हे उत्तर सोपे दिसते. पण पाच-सहा वर्षे वरिष्ठांपुढे मान खाली घालून उभे राहिलेल्या मुलाला ते सुचत नाही. ‘आजोबांना कॅन्सर आहे हे सांगू नका’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांशी कसे बोलायचे, हाही असाच प्रश्न. आणि तो तर मिरजेच्या कुठल्याही वॉर्डात रोजचाच.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. तो वहीत सह्या जमवून उरकायचा की खरोखर शिकवायचा, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या हातात आहे. खर्च जवळपास नाही. आठवड्यातून एक तास, तीन खोल्या, तीन शिक्षक, एक घड्याळ. एकाने प्रसंग वाचायचा, दोन मिनिटे विचार, आठ मिनिटे बोलणे, मग चुका तोंडावर सांगणे. इंटर्नने रोज पाहिलेल्या एका रुग्णाबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या, तर बोलायला पाठ केलेल्या वाक्यांची गरज उरत नाही. काय घडले, आपण काय केले, काय चुकले, नाव-गाव टाळून. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांनी आधी मराठीत बोलून पाहावे. विचारांचा क्रम पक्का असला की इंग्रजी फार आडवी येत नाही.

साताऱ्याच्या नव्या शासकीय महाविद्यालयात पहिली तुकडी २०२१-२२ मध्ये दाखल झाली. जुन्या सवयी अजून तिथे मुरलेल्या नाहीत, त्यामुळे हा तास वेळापत्रकात बसवणे तिथे तुलनेने सोपे जाईल. मिरजेचे महाविद्यालय १९६२ चे. तिथे आधी वॉर्डप्रमुखांनाच पटवावे लागेल.